सर, प्रकरण मिटवणं तुमचं काम नाही

आज रत्नागिरीत एका कॉलेजच्या मैदानावर कबड्डीचे कोच पालकांना समजावत होते, "पोर चांगला रेडर आहे, झोनल तोंडावर आल्यात, कशाला वाढवताय?" त्याच्याविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार करणारी मुलगीही त्याच कॉलेजची. तिच्या भविष्याचा विषयच कुणी काढला नाही. अंगाचा तिळपापड झाला.

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, लैंगिक छळाबाबतचे २०१५ चे नियम स्पष्ट आहेत: तक्रार कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे, चौकशी ९० दिवसांत. अमेरिकेत बेलर विद्यापीठाने २०१६ मध्ये फुटबॉलचे मुख्य कोच आर्ट ब्राइल्स यांना घरी पाठवलं, कारण खेळाडूंविरुद्धच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी नीट हाताळल्या नव्हत्या. तेही संघ जिंकत असताना!

चौकशी होईपर्यंत त्याला संघाबाहेर बसवा, सर. आणि त्या मुलीला कॉलेजात कुणी त्रास देणार नाही, हे तुम्ही स्वतः बघा.