मार्लिन ३३६ ची आयर्न साइट सेट केली त्याची गोष्ट

टेक्सासला आल्यावर सेकंडहँड मार्लिन ३३६ रायफल घेतली, थर्टी-थर्टी काडतुसाची. हे काडतूस १८९५ पासूनचं, तरी इकडे हरणाच्या शिकारीला अजून आरामात चालतं. सगळे म्हणत होते स्कोप (नेमाची दुर्बीण) लाव, पण लिव्हर अॅक्शनवर, म्हणजे ट्रिगरजवळचा लिव्हर खालीवर करून काडतूस भरायच्या रायफलीवर, स्कोप मला बघवत नाही, म्हणून ठरवलं की आहे तीच आयर्न साइट, म्हणजे भिंगाशिवाय नेम धरायची साधी खूण, नीट करायची. कॉलेजात एनसीसीला पॉइंट टू टू चालवली होती पण तिथे साइटला हात लावायचं काम उस्तादांचं, आपण फक्त पालथं पडून ट्रिगर दाबायचा.

पुढे पितळी मण्याची फोरसाइट, वर टोपीसारखं हूड. मागे खाच असलेली पट्टी आणि तिच्याखाली पायऱ्यापायऱ्यांची पाचर, ती पुढेमागे सरकवली की साइट वर-खाली होते. डावी-उजवीकडे न्यायला मात्र स्क्रू वगैरे काही नाही, खोबणीत घट्ट बसवलेली असते, ठोकूनच सरकवायची.

आधी २५ यार्डावर मोठा कागद लावून गोळ्या निदान कागदावर पडतायत ना ते बघितलं, मग ५० यार्ड. वाळूच्या पिशवीवर पुढचं लाकूड टेकवायचं, नळी नाही, नळी टेकली की गोळी भलतीकडेच जाते. तीन गोळ्या, मग नळी थंड होऊ द्यायची, आणि एका गोळीवरून काही ठरवायचं नाही, तिन्हींचा मध्य धरायचा. माझा मध्य तीन इंच डावीकडे येत होता.

आता हिशोब. दोन साइटमधलं अंतर टेपने मोजलं, १६ इंच. ५० यार्ड म्हणजे १८०० इंच. १६ गुणिले ३ भागिले १८००, म्हणजे इंचाचा साधारण सदतिसावा भाग, पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही! एवढ्याशासाठी हातोडी घ्यायची म्हणजे जरा धाकधूकच. रायफल रिकामी केली, लिव्हर उघडा, चेंबर आणि नळीखालची काडतुसांची ट्यूब दोन्ही परत तपासलं, साइटच्या कडेला पेन्सिलची बारीक रेघ मारली आणि पितळी पंचने हलकेच टिचक्या. स्टीलचा पंच नको, ओरखडे पडतात. मागची साइट गोळी जिकडे न्यायची तिकडेच सरकवायची, म्हणजे माझी उजवीकडे. पुढची हलवणार असाल तर बरोबर उलटं.

उंचीचं काम पटकन झालं, पाचर एक पायरी वर. पायऱ्या जाड आहेत त्यामुळे अगदी मध्यावर येत नाही, पण मला चालतं.

खरा वैताग उन्हाचा. हूड काढून बघितलं तर उजवीकडून ऊन आलं की मण्याची तीच बाजू चमकते, डोळा तिलाच मध्य समजतो आणि गोळ्या डावीकडे जातात. हूड परत लावलं. काडतूसही एकच ठेवलंय, १५० ग्रेनचं (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप); १७० चं मारून बघितलं तर गोळ्यांचा ग्रुप वेगळ्याच उंचीवर. आणि टोकदार बुलेट ट्यूब मॅगझिनमध्ये घालायची नाही, टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे ठोका बसला की काडतूस उडवणाऱ्या टिकलीवर, टेकतं, म्हणून चपट्या नाकाचीच घेतो.

चाळिशीनंतर खाच, मणी आणि टार्गेट तिन्ही स्पष्ट दिसत नाहीत, मी नजर मण्यावर ठेवतो, बाकीचं धूसर राहू दे. रिसीव्हरवर स्क्रूची भोकं तयारच आहेत, सीझनआधी पीप साइट (बारीक भोकातून बघायची मागची साइट) लावून बघेन म्हणतो, मागची खाच बघायची भानगडच जाईल.