कुठलं काम कुठल्या कोरकडे?

एम्बेडेड सिस्टिमचं, म्हणजे यंत्रांच्या आत बसणाऱ्या संगणकांचं काम करते म्हटलं की कॉलेजातली मुलं आणि नव्यानं लागलेले इंजिनिअर हमखास विचारतात, "मॅडम, एकाच चिपवर चार मोठे कोर, एक छोटा कोर, वर एनपीयू, जीपीयू, डीएसपी. कुठलं काम कुणाला द्यायचं हे ठरवता कसं? आणि चार मोठे असताना त्या छोट्याची गरजच काय?" चालता चालता सांगण्यासारखं उत्तर नाही हे. तुम्ही विचारलंत म्हणून नीट बसून लिहिते. (कोर म्हणजे चिपमधला प्रोग्राम चालवणारा भाग. एनपीयू न्यूरल नेटवर्कसाठी, जीपीयू चित्रांसाठी, डीएसपी आवाजासारख्या सिग्नलसाठी.)

ही वाटणी आपोआप होते, हा गैरसमज आधी दूर करू. तुमच्या खिशातल्या फोनमध्येही लहानमोठे कोर असतात. आर्मनं २०११ साली ही 'बिग-लिटल' रचना आणली. तिथे दोन्ही प्रकारच्या कोरना एकच भाषा कळते, त्यामुळे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा शेड्युलर, म्हणजे कामं वाटणारा भाग, चालतं काम एका कोरवरून उचलून दुसऱ्यावर ठेवू शकतो. कुठला कोर किती ताकदीचा आणि किती वीज खातो, याचा हिशेब करून काम वाटणारा शेड्युलर २०१९ सालच्या लिनक्स ५.० मध्ये आला. म्हणजे फोनमध्ये वाटणी आपोआप होते. मी ज्या चिपबद्दल बोलतेय तिथे तसं होत नाही. एनएक्सपी या कंपनीच्या आय.एमएक्स ८एम प्लस या चिपचंच उदाहरण घेते, कारण सध्या हातात तीच आहे. तिच्यात १.८ गिगाहर्ट्झपर्यंत चालणारे चार कॉर्टेक्स-ए५३ आहेत, ८०० मेगाहर्ट्झचा एक कॉर्टेक्स-एम७ आहे आणि २.३ टॉप्सचा, म्हणजे सेकंदाला २.३ लाख कोटी क्रिया करणारा एनपीयू आहे. ए५३ साठी बनवलेला चौसष्ट बिटांचा प्रोग्राम एम७ ला वाचताच येत नाही. एनपीयूला तर प्रोग्राम नव्हे, न्यूरल नेटवर्कचा आलेख लागतो. इथे कुठलाही शेड्युलर तुमच्या मदतीला येत नाही. वाटणी माणसानं करायची, आणि तीही कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी.

बेदाणा निवडणाऱ्या यंत्राचं उदाहरण घ्या. तासगाव भागातला बेदाणा मी लहानपणापासून खात आलेय, म्हणून हे उदाहरण मला जवळचं. पट्ट्यावरून बेदाणा धावतोय, वरून कॅमेरा बघतोय. काडी, खडा किंवा काळा पडलेला दाणा दिसला की पट्ट्याच्या टोकाला असलेल्या एअर व्हॉल्व्हनं फुंकर मारून तो बाजूला उडवायचा. पट्टा सेकंदाला २ मीटर धावत असेल, तर एका मिलिसेकंदात दाणा २ मिलिमीटर पुढे जातो. बेदाणा असतो साधारण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांब. व्हॉल्व्ह पाच मिलिसेकंद चुकला, तर फुंकर शेजारच्या चांगल्या दाण्याला लागते आणि खडा पुढे पेटीत जातो.

आता कॅमेरा ते व्हॉल्व्ह हे अंतर ३० सेंटीमीटर धरा. म्हणजे १५० मिलिसेकंद हातात आहेत. चित्र घेणं, ते स्वच्छ करणं, एनपीयूकडून 'खडा आहे' हे कळणं, निरोप पोचणं, हे सगळं त्यात बसायला हवं. यातल्या कुठल्याही पायरीला कधी दहा मिलिसेकंद जास्त लागले तरी काही बिघडत नाही, एकूण बेरीज १५० च्या आत राहिली म्हणजे झालं. व्हॉल्व्ह उघडण्याच्या क्षणाला मात्र एका मिलिसेकंदाचीही सूट नाही.

माझ्या मते सगळी वाटणी या एका फरकातून निघते. काम किती जड आहे, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, याला उशीर झाला तर काय होतं? उशीर चालत असेल तर ते ए५३ वर चालणाऱ्या लिनक्सकडे. उशीर अजिबात चालणार नसेल तर ते एम७ कडे, मग ते एक पिन वर-खाली करण्याएवढं किरकोळ का असेना. जड पण एकाच साच्याचं गणित असेल तर एनपीयूकडे.

यात एक सुंदर युक्ती आहे. कॅमेऱ्याला 'आता फोटो घे' हा ट्रिगर लिनक्सनं द्यायचाच नाही, एम७ नं द्यायचा. पट्ट्याच्या रोलरला एन्कोडर बसवलेला असतो, तो रोलर ठरावीक अंतर फिरला की एक पल्स देतो. त्याच्या पल्स एम७ मोजतो, आणि ट्रिगर देताना फ्रेमचा क्रमांक आणि तेव्हाचा पल्सचा आकडा लिहून ठेवतो. लिनक्सनं परत फक्त एवढंच कळवायचं: अमुक क्रमांकाच्या फ्रेममध्ये, अमुक ठिकाणी, खडा. तो कुठे पोचला असेल आणि व्हॉल्व्ह कोणत्या पल्सला उघडायचा, हे एम७ स्वतः काढतो. पट्ट्याचा वेग कमीजास्त झाला तरी हिशेब चुकत नाही, कारण हिशेब घड्याळाचा नाही, अंतराचा आहे. लिनक्स आणि एम७ यांची घड्याळं जुळवण्याचा मोठा प्रश्नही उरत नाही. नीट वाटणी केली की असे अवघड प्रश्न सोडवावे लागत नाहीत, ते उद्भवतच नाहीत. मला या कामात सगळ्यात जास्त आनंद याचा होतो.

"पण आता रिअल-टाइम लिनक्स आहे की!" हे पुढचं वाक्यही ठरलेलं. खरं आहे. लिनक्सला वेळ पाळायला लावणारं प्रीएम्प्ट-आरटी बरीच वर्षं वेगळं पॅच म्हणून लावावं लागायचं, ते २०२४ साली लिनक्स ६.१२ मध्ये मूळ कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात आलं. अनेक यंत्रांना तेवढं पुरतं आणि तिथे मी दुसरा कोर जागाही करत नाही, कारण दोन कोरांची दोन वेगळी सॉफ्टवेअर सांभाळणं म्हणजे चाचण्याही दुप्पट. इथे मी एम७ वापरते त्याचं आणखी एक कारण आहे. लिनक्स अडकला किंवा रीबूट झाला तरी व्हॉल्व्ह बंद ठेवणारं, पट्टा थांबवणारं कुणीतरी जागं हवं. म्हणून एम७ ला यू-बूटमधूनच, म्हणजे लिनक्सच्या आधी चालणाऱ्या बूट प्रोग्राममधूनच सुरू करते आणि लिनक्स नंतर येऊन त्याला जोडून घेतो.

काम वाटून झालं की मालकी ठरवायची. नवखे इंजिनिअर इथे फार अडकतात, म्हणून यावर मी जास्त वेळ घेते. चिपवरच्या प्रत्येक वस्तूला, म्हणजे पिन, क्लॉक (भागांना ताल देणारा सिग्नल), टायमर, यूआर्ट (सिरियल पोर्ट), मेमरीचा तुकडा, इंटरप्ट (कोरला हाक मारणारा सिग्नल), या सगळ्यांना एकच मालक हवा. मी साधा तक्ता करून घेते: वस्तू, मालक, आणि तो मालक ती कुठे मागतो. एम७ ची प्रत्येक गोष्ट लिनक्सच्या डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे त्याला हार्डवेअर सांगणाऱ्या यादीत, बंद करायची. शिवाय या चिपमध्ये रिसोर्स डोमेन कंट्रोलर आहे, त्याला सांगितलं की चुकूनही दुसरा कोर तिकडे हात लावू शकत नाही. जीपीआयओची, म्हणजे वर-खाली करता येणाऱ्या पिनांची, एक अख्खी बँक (गट) एकाच कोरला द्यावी. बँकेतल्या सगळ्या पिनांची स्थिती ठेवणारं रजिस्टर एकच असतं. दोघं ते वाचून, बदलून परत लिहायला लागले, तर एकानं केलेला बदल दुसरा पुसून टाकतो, आणि तोही कधीतरीच, म्हणून तो दोष सापडायला जीव जातो.

क्लॉकचं तर विचारूच नका. एम७ छान चालत असतो आणि लिनक्स बूट होताच गप्प होतो, हे दृश्य या क्षेत्रातल्या बहुतेकांनी पाहिलेलं असतं. लिनक्स बूट होताना कुणी न मागितलेली क्लॉक बंद करतो. त्याच्या दृष्टीनं ती वाया जाणारी वीज असते, कारण एम७ त्याच्या हिशेबातच नसतो. एनएक्सपीच्या कर्नलमध्ये यासाठी 'एमकोर-बूटेड' असं एक पॅरामीटर आहे, ते यू-बूटमधून द्यावं लागतं.

मेमरीचंही तसंच. एम७ चा महत्त्वाचा कोड मी त्याच्या स्वतःच्या टीसीएममध्ये, म्हणजे त्याला थेट जोडलेल्या मेमरीत ठेवते. ती जेमतेम २५६ केबी आहे, पण तिच्या वाटेवर दुसरं कुणी नाही. डीडीआरच्या, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक मोठ्या मेमरीच्या वाटेवर कॅमेरा, एनपीयू, डिस्प्ले सगळे रांगेत असतात. १०८० रेषांचं, दर पिक्सेलला दोन बाइटचं चित्र सेकंदाला साठ वेळा आलं, तर तोच प्रवाह सेकंदाला सुमारे २५० एमबी होतो. ते चित्र एकदा जरी कॉपी केलं, तरी वाचणं आणि लिहिणं मिळून आणखी ५०० एमबी. म्हणून चित्र हलवायचंच नाही, डीएमए-बफ या लिनक्सच्या सोयीनं त्याचा फक्त ताबा पुढे द्यायचा. दोन कोरांच्या निरोपांसाठी डीडीआरचा जो तुकडा राखून ठेवतो, तो एम७ च्या बाजूनं कॅशबाहेर (कॅश म्हणजे कोरजवळची, मेमरीची प्रत ठेवणारी जागा) ठेवायला विसरू नका. त्याची कॅश आणि ए५३ ची कॅश एकमेकींना विचारत नाहीत. ए५३ नं नवा निरोप लिहिला तरी एम७ जुनाच वाचत बसतो.

एनपीयूबद्दल थोडक्यात. २.३ टॉप्स हा आकडा आठ बिटांच्या पूर्णांकी गणिताचा, त्यामुळे मॉडेल आधी त्या रूपात आणावं लागतं. मॉडेलमधली एखादी क्रिया एनपीयूला जमत नसेल तर ती ए५३ कडे परत येते, आणि त्या येण्याजाण्यात सगळा फायदा जातो. अशा वेळी ती क्रिया बदलून मॉडेल पुन्हा शिकवणं मला बरं वाटतं. पहिल्या वेळी आलेख जुळवायला बराच वेळ लागतो, म्हणून पट्टा सुरू करण्याआधी एक खोटं चित्र देऊन एनपीयू जागा करायचा. आणि सेकंदाला साठ फ्रेम म्हणजे दर फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद. सरासरी त्याच्या वर गेली की रांग साचते आणि ते १५० मिलिसेकंद हां हां म्हणता संपतात.

उत्तर उशिरा आलंच तर? एम७ ला ते लगेच कळतं, कारण पल्सचा आकडा पुढे गेलेला असतो. मग दाणा जाऊ द्यायचा की संशयानं उडवायचा, हे मात्र इंजिनिअरनं ठरवू नये. चांगला माल वाया गेलेला परवडेल की खडा गिऱ्हाइकाच्या दातांखाली आलेला, हे बेदाणा विकणाऱ्यालाच विचारायला हवं.

स्वतः करून पाहायचं असेल, तर एनपीयूपासून सुरुवात करू नका. एम७ वर फक्त एक एलईडी लुकलुकवा, मग लिनक्स बूट करा, त्यावर कॅमेरा चालवा, चारही कोर पूर्ण कामाला लावा, आणि लुकलुक तशीच राहते का ते ऑसिलोस्कोपवर पाहा. बूट होतानाच बंद पडली तर क्लॉक तपासा. पिन लिनक्सच्या ताब्यात गेलेली दिसली तर डिव्हाइस ट्री तपासा. लुकलुकीची वेळ नुसतीच थरथरली तर कोड डीडीआरमध्ये आहे का ते बघा.