रोवणीला या ना

“पोरी, मे महिन्यातच कावून येता तुमी सारे? रोवण्याले या ना. तवा माणूस भेटत नाही.”

मूल तालुक्यातल्या (जि. चंद्रपूर) श्रमदान शिबिरात आज सकाळी उतारावर पावसाचं पाणी अडवायला चर खणत होतो. सारख्या पातळीच्या जागा शोधायला ए-फ्रेम, म्हणजे बांबूच्या तीन काठ्या आणि दोरीला टांगलेला दगड. दोरी मधल्या खुणेवर थांबली की दोन्ही पाय एका पातळीत. मग तिथे चुन्याची फक्की मारायची, खणायचं आणि माती उताराच्या बाजूला टाकायची. फोटो तर झकास आले!

पाणी घेऊन आलेल्या काकूंनी सगळं बघितलं आणि वरचा प्रश्न टाकला. रोवणा म्हणजे धानाची रोवणी, रोपं चिखलात लावायचं काम.

पावसाआधी चर हवेतच, मे चुकीचा नाही. सोमनाथची, बाबा आमटेंनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणीही मे महिन्यातच भरते. पण खरं कारण आपली कॉलेजची सुट्टी, हे काकूंना बरोबर कळलं होतं. रोवणी जुलैत असते. तेव्हा बांध्या (धानाची शेतं) पाण्याने भरतात, मजूर मिळत नाहीत, उशीर झाला की पऱ्हे (धानाची रोपं) जुने होतात आणि उत्पन्न घटतं. तेव्हा आपण सबमिशनमध्ये.

शिवाय गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून राहायचं. त्याचं सर्टिफिकेट कोण देणार?

काकूंचा नंबर घेतलाय. जुलैत कोण कोण येतंय?