बिस्किटाच्या डब्यातलं क्लोरोडाइन

परत आलेली औषधं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग. कुणी वारलं, कुणी घर बदललं, की पिशव्या भरभरून गोळ्या काउंटरवर येतात. इथे इंग्लंडमध्ये जुनी औषधं केरात टाकायची नसतात, फार्मसीत आणून द्यायची असतात. आम्ही ती ड्रममध्ये भरतो आणि ड्रम जाळायला जातो. लँकेशायरमधल्या या गावात दहा वर्षांत असे किती ड्रम भरले, मोजलेले नाहीत. पण गेल्या फेब्रुवारीत आलेला एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा काही डोक्यातून जात नाही.

डबा आणणाऱ्या आजी शहाऐंशीच्या, आमच्या नेहमीच्या. मोठं घर विकून मुलीजवळ राहायला चालल्या होत्या आणि माळा उपसताना हे सापडलं. "लव्ह, बघ गं यात काय आहे ते. मला तर हात लावायची भीती वाटते." इकडे बसचा ड्रायव्हरही लव्ह म्हणतो, त्यामुळे त्यात विशेष काही नाही, तरी ऐकायला बरं वाटतं.

आत एक लाकडी गोल डबी होती, कुंकवाच्या करंड्याएवढी, झाकणावर 'बीचम्स पिल्स'. रिकामी. आणि वर्तमानपत्राच्या पिवळ्या पानात गुंडाळलेली एक बाटली. तिच्यात तळाशी काळपट तपकिरी काहीतरी हलत होतं.

जुन्या बाटलीचं बूच फिरवायचं नाही, हे मी फार पूर्वी शिकले. आत ईथर असलं तर वर्षानुवर्षांनी त्याचं काय झालेलं असेल सांगता येत नाही. हातमोजे घातले, बाटली ट्रेमध्ये ठेवली आणि नुसतं लेबल वाचलं: डॉ. जे. कॉलिस ब्राउन यांचं क्लोरोडाइन.

पुस्तकात वाचलेली गोष्ट अशी समोर आली की पोटात जरा गोळाच येतो. कॉलिस ब्राउन हा हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेत सर्जन होता आणि त्याने हे मिश्रण केलं ते पटकीवर. लॉडनम म्हणजे दारूत उतरवलेली अफू, शिवाय क्लोरोफॉर्म, शिवाय गांजाचा अर्क. १८५६ पासून लंडनचा डॅव्हनपोर्ट नावाचा केमिस्ट ते विकायला लागला. अफूने आतडं थंडावतं, खोकला दबतो, दुखणं बोथट होतं. म्हणजे जाहिरात धडधडीत खोटी नव्हती, आणि गोम तिथेच आहे. ज्याने काहीच होत नाही ते औषध माणूस दोनदा घेऊन सोडून देतो.

बीचमच्या डबीची गोष्ट उलटी. सेंट हेलन्सच्या थॉमस बीचमने 'एका डबीचं मोल एक गिनी', म्हणजे एकवीस शिलिंग, असं छापून गोळ्या खपवल्या. आत कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण. १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा गुप्त औषधांची चिरफाड करणारं पुस्तक काढलं, त्यात ५६ गोळ्यांच्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग निघाली. फार्दिंग म्हणजे पाव पेनी. शिलिंगात असे ९६ अर्धे फार्दिंग बसतात आणि डबी विकली जायची एक शिलिंग दीड पेनीला. बऱ्याच वर्तमानपत्रांनी त्या पुस्तकाची जाहिरातच घ्यायला नकार दिला. का घेतील? रोजचं मीठभाकर या गोळ्यांच्या जाहिरातींवर. पण बीचमने निदान पोटच साफ व्हायचं.

वरची दीड पेनी हा सरकारी कर. १७८३ पासून अशा औषधांवर स्टॅम्प चिकटवावा लागे. आमच्या बाटलीच्या बुचावर त्याचा फाटका तुकडा अजून होता. कर भरल्याची पावती ती, पण लोकांना वाटायचं सरकारने औषध पास केलंय. जाहिरातवालेही मुद्दाम लिहायचे, सरकारी स्टॅम्पवर आमचं नाव असेल तरच माल अस्सल. या औषधांना 'पेटंट औषधं' म्हणत, त्या 'पेटंट' शब्दाचंही तेच. खरं पेटंट घ्यायचं तर आत काय आहे ते उघड करावं लागतं, आणि तेच तर यांना करायचं नव्हतं.

बाटलीभोवतीच्या पानावर क्लोरोडाइनचीच जाहिरात होती. खोकला, दमा, पटकी, हगवण, अर्धशिशी, दातदुखी, सगळे एका ओळीत उभे. खाली व्हाइस चान्सलर सर पेज वुड या न्यायाधीशांचं नाव: क्लोरोडाइनचे जनक डॉ. ब्राउनच, असं ते भर कोर्टात म्हणाले म्हणे. म्हणाले होते हे खरं आहे. १८६४ चा खटला, फ्रीमन नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी. पण वाद मूळ औषध कुणाचं एवढाच होता. ते वाक्य डॅव्हनपोर्टने पुढे वर्षानुवर्षं असं छापलं, जणू जज्जसाहेबांनी स्वतः दोन थेंब घेऊन बघितले होते.

लेबलवर एक शब्द मात्र नव्हता: 'पॉयझन'. १८६८ च्या फार्मसी कायद्याने अफूच्या बाटलीवर तो शब्द सक्तीचा केला, पण पेटंट औषधांना वगळलं. क्लोरोडाइनवर तो आला १८९२ च्या खटल्यानंतर. म्हणजे ही बाटली त्याच्या आधीची. मी आजींना तसं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग माझ्या पणजीचीच."

तोवर बाटलीची मागची बाजू मी पाहिलीच नव्हती. ट्रेमध्ये ती हळूच फिरवली, तर काचेवर उभी चिकटवलेली कागदाची बारीक पट्टी, तिच्यावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा, आणि प्रत्येक रेघेपुढे तारीख. वर्ष नाही, नुसता दिवस आणि महिना. सगळ्या तारखा सात-सात दिवसांच्या अंतराने. कुणीतरी दर आठवड्याला औषध कुठवर उतरलंय त्याची खूण करत होतं. वरच्या दोन रेघांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी जागा, मधल्यांमध्ये बोटाच्या पेराएवढी, शेवटच्या दोन रेघांमध्ये माझी अख्खी करंगळी मावली. त्याखाली रेघ नाही.

आजी चष्मा पुसून वाकल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हा साताचा आकडा पणजोबांच्या हातचा. आमच्या घरच्या बायबलात असाच आहे, शेपूट वळवलेला." पणजोबा कापड गिरणीत हिशेबनीस, घरातल्या कोळशाचाही हिशेब ठेवणारे. आणि पणजी? "छातीने नाजूक होती म्हणायचे. दुपारी पडदे ओढून पडून असायची. थेंब संपत आले की घरात कुणाची धडगत नसायची." त्यांच्या आजीने सांगितलेलं त्या तसंच्या तसं सांगत होत्या, नाजूकपणाची गोष्ट म्हणून.

आता मी काय सांगायचं? पणजीला काय झालं होतं हे मला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. बाटलीत काय आहे तेवढं सांगितलं. आणि अफूची सवय झालेल्या माणसाची अफू बंद केली तर काय होतं तेही: जुलाब, पोटात मुरडा, अंग ठणकणं, झोप उडणं. बोलता बोलता माझी नजर त्या पिवळ्या पानावर गेली. आजींचीही गेली. यादीतले निम्मे आजार तिथेच होते.

"म्हणजे बाटली सोडली की बाटलीचा आजार," त्या म्हणाल्या.

मी त्यांना गिरणगावाचं सांगितलं. इथल्या गिरण्यांत जाणाऱ्या आया लेकराला अफूचं गॉडफ्रेज कॉर्डियल पाजून निघायच्या, तशा मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका अफूची बाळगोळी द्यायच्या. त्यांना ते नवीन होतं. मान हलवत म्हणाल्या, "कापूस तिकडचा, गिरणी इकडची, आणि पोरं दोन्हीकडे झोपलेली." यावर मला काही सुचलं नाही.

मग कारकुनी. अफू म्हणजे नियंत्रित औषध, त्यात गांजा, म्हणजे ड्रममध्ये ओतून मोकळं होता येत नाही. पोलिसांत हे काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला फोन केला. त्याने गंभीरपणे विचारलं, "एक्सपायरी डेट काय आहे?" मी म्हटलं, राणी व्हिक्टोरिया. दोन सेकंद शांतता, मग तो हसला. येईपर्यंत सीलबंद पिशवीत घालून कुलपाच्या कपाटात ठेवा म्हणाला.

"पट्टी मला मिळेल का?" आजींनी विचारलं. कागद काही नियंत्रित औषध नव्हे. खळ इतकी वाळली होती की ब्लेडचं टोक लावताच पट्टी अख्खी सुटून आली. ती मी पाकिटात घालून दिली. त्यांनी ते पर्समध्ये नाही, कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

परत आलेल्या औषधांच्या वहीत नोंद करायला घेतली. तारीख, औषध, अंदाजे प्रमाण. पुढचा रकाना रुग्णाच्या नावाचा. मी सवयीने आजींचं नाव लिहायला लागले तर त्यांनी माझा हात धरला आणि पणजीचं पूर्ण नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. मी ते लिहिलं. जन्मतारखेचा रकाना मोकळा राहिला. "घरी जाऊन बायबलात बघते," म्हणाल्या.

संध्याकाळी पावणेसहाला, शटर ओढायच्या बेतात, फोन वाजला.