सहा-एकमधला एक

मामा तरुणपणी पेठेच्या संघातून बॅक, म्हणजे बचावाला, खेळायचा. त्यामुळं त्याच्याबरोबर फुटबॉल बघायला बसलं की चेंडूकडं बघायची सोय नसते. "चेंडूला काय बघतोस? तो येणारच आहे. स्टॉपर कुठं उभा हाय ते बघ."

२४ जून २०१८, रविवार, संध्याकाळी साडेपाच. बाहेर पाऊस, आत कांदाभजी आणि टीव्हीवर रशियातलं निझनी नोवगोरोद. वर्ल्डकप, इंग्लंड विरुद्ध पनामा. तसं कोल्हापुरात एकतर ब्राझील नाहीतर अर्जेंटिना, तिसरा पक्षच नाही. पण मामा त्या दिवशी पनामाचा झाला. म्हणाला, "बिचाऱ्यांना आज दीडेक तास बचावच करायचाय."

तो काही त्यांना जमला नाही. मध्यंतरालाच पाच-शून्य, त्यात दोन पेनल्टी. कॉर्नर आला की पनामाचे गडी इंग्लंडवाल्यांच्या कमरेला विळखा घालायचे, गळ्यात हात टाकायचे, सरळ खाली पाडायचे. "अरे, कुस्तीला खासबाग मैदान हाय की वेगळं!" मामा टीव्हीवर ओरडला आणि उरलेली भजी माझ्याकडं सरकवली. म्हणजे त्याचं मन उडालं होतं.

पनामा हा मुळात बेसबॉलचा आणि बॉक्सिंगचा देश. मारियानो रिव्हेरा त्यांचा, रॉबर्टो ड्युरानही त्यांचाच. लोकसंख्या चाळीस लाखांच्या आसपास. वर्ल्डकपला पहिल्यांदाच आलेले, आणि तेही कसे! २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये, आधीच्या वर्ल्डकपच्या पात्रता सामन्यात, घरच्या मैदानावर नव्वद मिनिटं होईपर्यंत ते अमेरिकेच्या पुढं होते. तसंच राहिलं असतं तर प्लेऑफ, म्हणजे पात्र ठरायची आणखी एक संधी, मिळत होता. भरपाईच्या वेळेत अमेरिकेनं दोन गोल ठोकले. अमेरिकेची जागा आधीच पक्की होती, त्यांना त्या गोलांचं काही पडलेलंही नव्हतं. चार वर्षांनी, १० ऑक्टोबर २०१७ ला, कोस्टा रिकाविरुद्ध ८८ व्या मिनिटाला रोमान तोरेस नावाच्या धिप्पाड बचावपटूनं गोल केला, त्याच रात्री अमेरिका त्रिनिदादमध्ये हरली आणि पनामा थेट रशियाला. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी देशाला सुट्टी दिली. (आमच्याकडं अशी सुट्टी मिळायची असेल तर बहुधा क्रिकेटचीच वाट बघावी लागेल.)

मला मात्र सांगायचंय ते फेलिपे बालॉयबद्दल. तोही बचावपटूच. ब्राझीलमध्ये ग्रेमियोकडून खेळला, मग मेक्सिकोत बरीच वर्षं मॉन्तेरेकडून, नंतर सान्तोस लागुनाकडून. २०१२ मध्ये सान्तोसनं विजेतेपद मिळवलं ते अंतिम फेरीत मॉन्तेरेलाच हरवून. देशाकडून शंभराच्या वर सामने. पण रशियात येईपर्यंत तो सदतिशीत पोचला होता आणि जागा बाकावर होती. पहिल्या सामन्यात बेल्जियमकडून तीन-शून्य हरताना तो मैदानात उतरलाच नाही.

इंग्लंडविरुद्ध सहावा गोल झाला आणि मग ६९ व्या मिनिटाला प्रशिक्षकांनी त्याला आत पाठवलं. मला ह्याची फार गंमत वाटते. सामना एक-शून्य असता तर त्याच्याकडं कुणी वळूनही बघितलं नसतं; ताज्या दमाचा एखादा पोरगा गेला असता. सहा गोल खाल्ले म्हणून म्हाताऱ्याला दार उघडलं. त्या दिवशी तो बरोबर ३७ वर्षं चार महिन्यांचा होता.

७८ वं मिनिट. रिकार्दो आविलाची फ्री किक हवेतून आत आली. इंग्लंडची माणसं जरा ढिली पडली होती, सहा गोल झाल्यावर कोण पळतंय? मागून बालॉय घुसला, जमिनीवर घसरला, पाय लांब केला आणि चेंडू इंग्लंडचा गोलकीपर पिकफर्डला चकवून जाळ्यात. वर्ल्डकपमधला पनामाचा पहिला गोल. लाल टीशर्टातली माणसं स्टँडमध्ये रडत होती, एकमेकांच्या अंगावर पडत होती. फलक बघितला नसता तर सामना तेच जिंकतायत असं वाटलं असतं. इंग्लंडवाल्यांचे चेहरे मात्र दूध सांडल्यासारखे.

मामा उठून उभा राहिला होता. "पाय बघितलास का? पाय!"

मी म्हटलं, "मस्त गोल."

"गोल कुठला, टॅकल हाय ती! फॉरवर्ड असता तर उभ्यानं मारायला गेला असता आणि चेंडू पुढनं निघून गेला असता. ह्यानं आयुष्यभर दुसऱ्याचा चेंडू काढायला जसा पाय टाकला, तसाच टाकलाय. फक्त ह्या वेळी समोर जाळी होती."

रिप्ले लागणार तेवढ्यात लाईट गेली. पावसात आमच्याकडं जातेच. दिवेलागणीची वेळ, मामी मेणबत्ती शोधत होती आणि मामा काळोखात सतरंजीवर बसून उजवा पाय किती लांब गेला पाहिजे ते मला करून दाखवत होता. डावा गुडघा त्याचा वीस वर्षांपूर्वीच गेलाय. पाय लांब गेला, छान गेला, मग मागं घेता येईना. शेवटी मी एका बाजूनं आणि मेणबत्ती घेऊन आलेल्या मामीनं दुसऱ्या बाजूनं धरून उठवलं.

"कुणी सांगितलंय ह्या वयात?" मामी म्हणाली.

"सदतीस वर्षांचाय तो," मामा म्हणाला.

"आणि तुम्ही?"