रिग कंपन्यांचे शेअर आणि कर्जाच्या तारखा

समुद्रात तेलविहिरी खणणाऱ्या एका कंपनीचे शेअर मी २०१५ च्या अखेरीस पहिल्यांदा घेतले. जून २०१४ मध्ये पिंपाला ११५ डॉलरच्या आसपास असलेले ब्रेंट तेल (ज्याचा भाव जगभर मापदंड मानतात) तेव्हा चाळिशीच्या खाली आले होते. जगाला तेल लागणारच आहे, म्हणून भाव पुन्हा चढतील आणि त्यांच्याबरोबर शेअरही चढेल, असा माझा हिशेब होता. तेलापुरता तो खरा ठरला. शेअरच्या बाबतीत मात्र तो चुकला, कारण तेल पुरते सावरण्याआधीच कंपनीच्या कर्जफेडीची मुदत आली, न्यायालयात कर्जाची पुनर्रचना झाली आणि जुन्या भागधारकांच्या हाती जवळजवळ काहीच उरले नाही. पडत्या भावात आणखी शेअर घेऊन मी दोनदा ॲव्हरेज केले, म्हणजे खरेदीची सरासरी किंमत खाली आणली होती, याची खंत मला अजूनही वाटते.

माझी मूळ चूक अशी, की रिग कंपनीला मी तेल कंपनीच समजलो. रिग कंपनी तेल विकत नाही. ती रिग, म्हणजे विहीर खणण्याची यंत्रणा, आणि ती चालवणारी माणसे दिवसाच्या भाड्याने देते. भाव पडले, तरी चालू विहिरीतून तेल काढण्याचा खर्च कमी असल्यामुळे तेल कंपन्या ते काढतच राहतात आणि नवे खोदकाम तेवढे थांबवतात. अमेरिकेत तेलासाठी चालणाऱ्या रिगची बेकर ह्यूज या तेलसेवा कंपनीची मोजणी ऑक्टोबर २०१४ मधल्या १,६०९ वरून मे २०१६ मध्ये ३१६ वर आली. तिथले तेल उत्पादन मात्र त्या मानाने फारच थोडे घटले.

खोल समुद्रातल्या कंपन्यांची अवस्था याहून बिकट होती. तेजीत ड्रिलशिपला, म्हणजे विहीर खणणाऱ्या जहाजाला, दिवसाला सहा लाख डॉलरपर्यंत भाडे मिळत असे, आणि त्या भरवशावर साठ-सत्तर कोटी डॉलरची एकेक जहाजे कर्ज काढून मागवली गेली. ती हाती येईपर्यंत मंदी आली होती आणि भाडे दोन लाखांच्याही खाली घसरले. जहाज कामाविना उभे ठेवले, तरी खर्च सुटत नाही: कर्मचाऱ्यांसह सज्ज ठेवायचे, तर रोजचा खर्च चालूच राहतो, आणि पूर्ण बंद करून ठेवले, तर पुन्हा सुरू करायला कोट्यवधी डॉलर लागतात. म्हणून पुस्तकी मूल्याच्या (हिशेबात दाखवलेल्या मालमत्तेतून कर्ज वजा करून उरणाऱ्या रकमेच्या) निम्म्या भावात शेअर मिळतो, या वाक्याला मी आता फारसे वजन देत नाही. ज्या जहाजाला काम नाही, त्याचे पुस्तकातले मूल्य कागदावरच राहते.

२० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, म्हणजे तेल घ्यावे म्हणून विकणाराच वर पैसे देत होता. त्याच वर्षी डायमंड ऑफशोअर, नोबल आणि व्हॅलारिस या रिग कंपन्यांनी दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केले, आणि २०१७ मध्ये एकदा त्या वाटेने गेलेली सीड्रिल फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा तिथेच पोहोचली. पुढे भाडी चार लाखांवर गेली, पण तोवर या कंपन्यांची मालकी मुख्यतः धनकोंकडे गेली होती. ट्रान्सओशनने दिवाळखोरी टाळली. तिच्या शेअरची संख्या मात्र इतकी वाढली, की जुन्या भागधारकाचा हिस्सा आक्रसला.

आता मंदीत असा शेअर पाहताना मी आधी वार्षिक अहवालातल्या टिपा उघडतो आणि कोणत्या वर्षी किती कर्ज फेडायचे आहे, ते लिहून काढतो. त्यासमोर हातातली रोकड आणि शिल्लक कंत्राटांचे अपेक्षित उत्पन्न मांडतो. ग्राहकाला कंत्राट मध्येच रद्द करता येते का आणि केल्यास भरपाई किती, हेही तपासतो. तेलाचा भाव आणखी तीन वर्षे पडलेलाच राहिला, तर कंपनी नवे कर्ज किंवा नवे शेअर न काढता तग धरेल का, याचे उत्तर या आकड्यांतून मिळाले नाही, तर मी शेअर घेत नाही. जमिनीवर खोदकाम करणाऱ्या, कमी कर्जाच्या कंपन्या या कसोटीला अधिक वेळा उतरतात, मात्र त्यांचाही लाभांश गृहीत धरता येत नाही. त्यांतल्याच हेल्मरिच अँड पेनने २०२० मध्ये तो कमी केलाच होता. या पद्धतीमुळे तळाचा भाव बहुधा हुकतो आणि शेअर वीस-तीस टक्के महाग पडतो. ती किंमत मी समजून-उमजून मोजतो.