चित्रांशेजारची दीडशे शब्दांची पाटी

प्रदर्शनाची तारीख पक्की झाली की गॅलरीकडून पहिली मागणी येते ती चित्रांच्या फोटोंची आणि ‘आर्टिस्ट स्टेटमेंट’ची, म्हणजे चित्रांबद्दल चित्रकाराने स्वतः लिहिलेल्या निवेदनाची. फोटो तासाभरात रवाना होतात. स्टेटमेंट मात्र आमंत्रणपत्रिका छापायला जायच्या आदल्या रात्रीपर्यंत रखडतं. मराठीत लिहिणाऱ्यांची यात एक खास पंचाईत आहे आणि ती नावापासूनच सुरू होते. आपण स्टेटमेंटला सहज ‘मनोगत’ म्हणून टाकतो. मनोगत म्हटलं की पेन आपोआप स्मरणिकेच्या वळणावर जातं: लहानपणापासून चित्रकलेची आवड, आई-वडिलांचे आशीर्वाद, गुरुजनांचं ऋण आणि शेवटी रसिकांनी गोड मानून घ्यावं. भावना खऱ्या असतात, पण त्यात चित्राबद्दल एक अक्षर नसतं. म्हणून कोऱ्या कागदावर वर ‘या चित्रांविषयी’ एवढंच लिहा आणि मग बसा. आभार उद्घाटनाच्या भाषणात मानता येतात.

हा मजकूर लोक उभ्याने वाचतात, ही गोष्ट लिहिताना सतत डोळ्यांसमोर हवी. उद्घाटनाच्या दिवशी एका हातात चहाचा कप, मागे रांगेत आणखी चार जण, समोर भिंतीवर तुमची पाटी. मिनिटभरात वाचून संपेल एवढाच मजकूर तिथे टिकतो, म्हणजे दीडशे शब्दांच्या आसपास. त्यात आपल्या बडोद्याचा प्रेक्षक दोन टोकांचा. एकीकडे १९५० साली सुरू झालेल्या, इथल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीतली मुलं, जी कॅनव्हासला नाक लावून रंगाचे थर मोजतात. दुसरीकडे दांडिया बाजार, रावपुऱ्यातून नातेवाईक म्हणून किंवा पेपरात वाचून आलेले काका-काकू. पाटी दोघांना एकच असते. दोघांनाही सारख्याच उपयोगी पडणाऱ्या गोष्टी म्हणजे काय केलंय, कशाने केलंय आणि का तसं केलंय. काकूंना ते माहीत नसतं म्हणून हवं असतं, आणि विद्यार्थ्याला ते ताडून पाहायचं असतं म्हणून.

निवेदन आणि जाहीरनामा यांतही गल्लत होते. १९८७ साली बडोद्यात ‘क्वेश्चन्स अँड डायलॉग’ हे प्रदर्शन झालं, त्याला जाहीरनामा होता. एका गटाने एकूण कलाव्यवहारावर घेतलेली ती भूमिका होती. एकट्याच्या बारा चित्रांच्या प्रदर्शनात बाजार, परंपरा, जागतिकीकरण सगळ्यांवर भूमिका घ्यायला गेलं की दीडशे शब्द संपतात आणि बारा चित्रं बाजूलाच राहतात.

सुरुवात लिहून करू नका, बोलून करा. सगळी चित्रं जमिनीवर भिंतीला टेकवून मांडा, चित्रकलेशी संबंध नसलेल्या कुणाला तरी घरी बोलवा आणि फोनवर रेकॉर्डिंग लावून द्या. त्या माणसाने फक्त विचारायचं: हे काय आहे? कशावर काढलंय? एवढंच मोठं का? हा निळा सगळीकडे का येतो? इथे खरवडल्यासारखं का दिसतंय? दहा मिनिटं पुरतात. नंतर ते जसंच्या तसं उतरवून काढा आणि नामं व क्रियापदं अधोरेखित करा: पत्रा, राळ, घासलं, पुसलं, जिना, कठडा. निवेदनाचा माल तोच. विशेषणं सगळी खोडा, फारच अडलं तर एखादं परत घेऊ.

एक उदाहरण घेऊ. समजा, विषय जुन्या घरांचे लाकडी जिने आणि चित्रं म्हणजे मुद्राचित्रं, पत्र्यावर कोरून कागदावर घेतलेले छाप. पहिल्या खर्ड्यात हमखास असं वाक्य येतं: ‘माझी चित्रं म्हणजे काळाच्या पाऊलखुणांचा वेध घेणारा, स्मृतींच्या अवकाशातला एक अंतर्मुख प्रवास आहे.’ हे वाक्य शेजारच्या दालनातल्या निसर्गचित्रांखाली लावलं तरी चालेल, शिल्पाखालीही चालेल. जे कुठेही चालतं ते इथे नको. आता दुसरा खर्डा (त्यातलं एचिंग म्हणजे पत्र्यावर ॲसिडने रेषा खोदणं, ॲक्वाटिंट म्हणजे राळेचे कण आणि ॲसिड वापरून छटा आणणं, बर्निशर म्हणजे पत्रा घासून गुळगुळीत करायचं हत्यार):

‘इथे बारा मुद्राचित्रं आहेत, एचिंग आणि ॲक्वाटिंट. बाराही दांडिया बाजारातल्या जुन्या घरांच्या जिन्यांची. जिन्यावर माणूस कुठेच नाही. लाकडी पायरी मधोमध झिजते. ती झीज दाखवण्यासाठी जस्ताच्या पत्र्यावर आधी अख्खी पायरी ॲसिडमध्ये काळी करून घेतली आणि मग मधला भाग बर्निशरने घासून घासून उजळ केला. पायांनी लाकडाचं जे केलं, तेच इथे हाताने जस्ताचं केलं आहे. कठड्याच्या रेषा मात्र एकदाच ओढल्या, त्यांना पुन्हा हात लावलेला नाही.’

साठेक शब्द झाले. यात ‘काळ’ आणि ‘स्मृती’ हे शब्द एकदाही आलेले नाहीत, तरी पायरी पाहताना ते सुचतात. पायांचं आणि हाताचं वाक्य हा या मजकुराचा कणा. पण ते पहिल्या ओळीत टाकलं असतं तर नुसतं चमकदार वाटलं असतं. घासण्याची कृती आधी सांगितल्यामुळे ते पटतं. उरलेल्या ऐंशी-नव्वद शब्दांत जिनेच का, माणसं का वगळली आणि पत्र्याचा आकार उभट का ठेवला, एवढं आलं की थांबा.

खोडायच्या शब्दांची यादी प्रत्येकाची वेगळी असते, तरी काही पाहुणे सगळ्यांकडे येतात: अवकाश, आविष्कार, स्पंदनं, अंतर्मन, रंगरेषांचा उत्सव, शोध. ‘शोध’ सगळ्यात चिवट. कशाचा शोध हे विचारलं की वाक्य कोसळतं. ‘अमूर्त’ मात्र खुशाल ठेवा, पण कशापासून अमूर्त झालं तेही सांगा.

मराठीत कर्त्याचं लिंग क्रियापदात दिसतं, त्यामुळे इंग्रजी मजकूर मशीनमधून मराठी करून घेतला तर चित्रकर्ती भिंतीवर ‘मी काम करतो’ म्हणत उभी राहते. हे घडतं आणि उद्घाटनाच्या दिवशीच लक्षात येतं. तृतीय पुरुषात लिहायची टूम आणखी अवघड. इंग्रजीत ते खपतं. मराठीत ‘त्या काढतात, त्यांची शैली’ असं आदरार्थी लिहावं लागतं, आणि स्वतःच लिहिलेल्या मजकुरात स्वतःला अहो-जाहो केल्यासारखं दिसतं. ‘मी’ वापरा किंवा वरच्यासारखी ‘केलं, ओढल्या’ ही रूपं वापरा. परिचय तृतीय पुरुषात असू द्या, पण तो वेगळा कागद: जन्म, शिक्षण, प्रदर्शनं. पदव्या निवेदनात घुसवू नका.

इंग्रजी पाटी लागणारच, कारण मुंबई-दिल्लीहून येणारे आणि फॅकल्टीतली बंगाली, मल्याळी मुलं तीच वाचणार. ज्या भाषेत चित्राबद्दल बोलता त्या भाषेत आधी लिहा आणि दुसऱ्या भाषेत नव्याने लिहा, वाक्याला वाक्य जुळवू नका. गुजराती पाटी ठेवत असाल तर ती गुजरातीत रोज लिहिणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. घरी आणि बाजारात आपण बोलतो ती गुजराती भिंतीवर लगेच उघडी पडते. शब्दसंख्या प्रत्येक भाषेत सारखी येणार नाही. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे इंग्रजीतले दीडशे शब्द मराठीत बरेच कमी होतात. गॅलरीने मर्यादा दिली असेल तर ती कोणत्या भाषेतली, हे विचारून घ्या.

दीडशे शब्दांची एकच प्रत करून भागत नाही. आमंत्रणपत्रिकेला साठ-सत्तर शब्द लागतात, कॅटलॉगला तीनशे ते चारशे. मोठी आधी लिहून कापत आणण्यापेक्षा दीडशेची आधी घट्ट करा. कॅटलॉगसाठी तीत तंत्राचा तपशील वाढवा. पत्रिकेसाठी पहिली दोन वाक्यं आणि कण्याचं एक वाक्य पुरतं.

आता छपाई. खरे घोटाळे इथे होतात. देवनागरीच्या मात्रा वर आणि उकार खाली जातात, म्हणून एका शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंतचं अंतर अक्षराच्या मापाच्या दीडपट ठेवा. इंग्रजीच्या मापाने ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. ए-थ्री आकाराच्या उभ्या पाटीवर, कडेने तीन सेंटिमीटर समास सोडून, २४ ते २८ पॉइंटात दीडशे मराठी शब्द आरामात बसतात. त्याच पाटीवर दुसरी भाषा कोंबू नका, वेगळी पाटी करा. पाच मिलिमीटरचा सनबोर्ड (हलका, ताठ फोमचा बोर्ड) घ्या आणि वरचा प्रिंट मॅटच सांगा. ग्लॉसीवर स्पॉटलाइट चमकतो आणि वाचणाऱ्याला मान वाकडी करावी लागते. पाटीचा मध्य जमिनीपासून साधारण ५८ इंचांवर. जागा दाराजवळ, पण सगळ्यात मोठ्या चित्राला खेटून नको, नाहीतर वाचणाऱ्यांची गर्दी नेमकी त्याच्या आड उभी राहते.

प्रिंटरकडे वर्ड फाइल देऊ नका. फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फाइलमध्येच बसवलेली, पीडीएफ द्या आणि पीडीएफवर नव्हे, छापलेल्या कागदावर प्रूफ वाचा. मजकूर कॉपी करून जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की पहिली वेलांटी एक घर सरकते आणि रफार भलत्याच अक्षरावर बसतो. मराठीपुरत्या दोन जागा खास तपासा. एक, ‘पायऱ्या’, ‘दुसऱ्या’मधला ऱ्य, त्याचा सर्रास ‘र्या’ होतो. दुसरी, ‘ॲक्रिलिक’, ‘ॲक्वाटिंट’मधला ॲ, काही जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी नुसती चौकट उमटते. शिवाय ऑपरेटरला देवनागरी म्हणजे हिंदी वाटत असेल तर तो चूक दुरुस्त केल्याच्या समाधानात ‘ळ’चा ‘ल’ करून ठेवतो.

चित्राखालच्या चिठ्ठ्या निवेदनाशी जुळल्या पाहिजेत. निवेदनात ‘जस्ताचा पत्रा’ आणि चिठ्ठीत ‘मिश्र माध्यम’ असेल तर वाचणारा कुणावर विश्वास ठेवणार? क्रम असा: शीर्षक, साल, माध्यम, माप. मापात उंची आधी, मग रुंदी. मुद्राचित्राला पत्र्याचं माप आणि कागदाचं माप वेगवेगळं द्या, आवृत्तीचा आकडा ३/१५ असा लिहा, म्हणजे पंधरा छापांतला तिसरा. किंमत भिंतीवर नको, ती टेबलावरच्या यादीत.

शीर्षक भिंतीवर थेट व्हिनाइलमध्ये (मागून चिकटणाऱ्या पातळ प्लॅस्टिकमध्ये) कापून लावायचं असेल तर शिरोरेषेकडे लक्ष द्या. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. फाइल तशीच कटरला गेली तर तो प्रत्येक जोडावर आडवा काप मारतो आणि लावताना शब्द तुकड्यातुकड्यांत सुटतो. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांच्या आउटलाइन केल्यावर कोरलमध्ये ‘वेल्ड’ किंवा इलस्ट्रेटरमध्ये ‘युनाइट’ करून शब्द एकसंध करा, मगच कापायला द्या. अनुस्वार तीन मिलिमीटरपेक्षा बारीक झाला तर तो पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी बाहीला चिकटून जातो. कापतानाच आठ-दहा जादा टिंबं कापून घ्या आणि पाकिटात घालून गॅलरीच्या टेबलाच्या खणात ठेवा, सोबत एक चिमटा.